गाईला चार पाय असतात, हे लिहायला शाळा कशाला?



कैरीच्या लोणच्यानंतर चातुर्मासातल्या बिनपालेभाजीच्या स्वयंपाकावर लिहीन असं मी कबूल केलं होतं. ते लिहीनच. पण आज आधी हे. थोडं तिखट लागेल, लागू दे.

आमच्या सुप्यातल्या एका शाळेत यंदा तिसरीच्या वर्गावर एक नवीन बाई आल्या. (शाळेचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल.) या बाई रोज परिपाठ झाला की मुलांना पंधरा मिनिटं लिहायला बसवतात. फळ्यावर काही लिहून देत नाहीत. विषय कधी देतात, कधी देत नाहीत. काल घरी काय झालं, येताना रस्त्यात काय दिसलं, कशाची भीती वाटते, असलं काहीही. वही तपासताना लाल पेनाने पान रंगवत नाहीत. खाली एक प्रश्न लिहितात, "मग ते पिल्लू कुठे गेलं?" दुसऱ्या दिवशी मूल त्याचं उत्तर लिहितं. एवढाच त्या बाईंचा गुन्हा.

दोन महिन्यांत पालकांच्या ग्रुपवर आग लागली. अक्षर बिघडलं. चुका तशाच राहतात. निबंध एकही झाला नाही. शेजारच्या शाळेत पाच निबंध पाठ झाले. एका आईने तर मुलाने वहीत "व्हतं" लिहिलंय त्याचा फोटो टाकला आणि खाली तीन रडणारे चेहरे. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज तयार झाला. बाईंना समज द्यावी आणि पूर्वीप्रमाणे लेखन घ्यावे. माझा नातू त्याच वर्गात, आणि त्याचे आई-वडील दोघंही दिवसभर नोकरीवर, म्हणून सहीसाठी अर्ज माझ्याकडे आला.

मी तो दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला. का, ते सांगते.

अर्जाची सुरुवात "वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक अर्ज करण्यात येतो की" अशी. शेवट "तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती." मधे सात ओळी. त्या सात ओळींत एकाही मुलाच्या वहीतलं एकही वाक्य नव्हतं. कोणती चूक, कोणत्या तारखेची, किती मुलांची, काही नाही. "पाल्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे" एवढंच. सही करणाऱ्या बायका शिकलेल्या आहेत. दोघी तर बीएड झालेल्या. स्वतःच्या पोरांबद्दल पोटतिडकीने काही सांगायचं होतं, तेव्हा त्यांना स्वतःची सात वाक्यं लिहिता आली नाहीत. दहावीला पाठ केलेला अर्जाचा नमुना काढला आणि त्यातल्या रिकाम्या जागा भरल्या. मैत्रिणींनो, तुम्ही रागवाल, पण तो अर्ज हाच माझा पहिला पुरावा आहे. आपल्याला जसं लिहायला शिकवलं तसं आपण लिहितो. आणि तसंच आपल्या मुलांना शिकवावं म्हणून आपण अर्ज करतो!

आपल्याकडे प्राथमिक शाळेत "लेखन" या शब्दाखाली काय चालतं ते बघा. पहिली-दुसरीत अक्षरं गिरवणं. तिसरी-चौथीत फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवून घेणं आणि शुद्धलेखन, म्हणजे पुस्तकातला उतारा जसाच्या तसा वहीत काढणं. पाचवीपासून निबंध, म्हणजे गाईडमधून पाठ करून आणलेला मजकूर परीक्षेत ओतणं. या सगळ्यात मुलाचा हात चालतो. डोकं चालायची गरज एकदाही पडत नाही.

माझ्याकडे संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली चार-पाच मुलं अभ्यासाला येतात. त्यांतल्या एकाच्या घरी दोन जर्सी गाई आणि एक खिलार. त्याला "माझा आवडता प्राणी" लिहायला होतं. त्याने लिहिलं, गाय हा पाळीव प्राणी आहे. गाईला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. गाय आपल्याला दूध देते. गाईला आपण गोमाता म्हणतो. मी विचारलं, "तुझ्या जर्सीला शिंगं आहेत का रे?" तर म्हणाला, "नाही दादी, ती कालवड होती तेव्हाच डॉक्टरनं डागली." मग सुटलाच. कुठली गाय हाताला हात लावू देत नाही, परवा डेअरीवर फॅट कमी लागली म्हणून वडील कसे न जेवता झोपले, खिलार कशी फक्त आजोबांच्या हाकेला वळते. वीस मिनिटं बोलत होता. मी म्हटलं, हे लिही की. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला चोरी करायला सांगतेय. "हे निबंधात चालत नाही," म्हणाला.

हे त्याला कोणी शिकवलं? नऊ वर्षांच्या मुलाला इतकं पक्कं ठाऊक आहे की जे मला माहीत आहे ते लिहायचं नसतं, आणि लिहायचं ते ज्याच्याशी माझा काही संबंध नाही. घरात बिनशिंगाची गाय उभी आहे आणि वहीत दोन शिंगं. हे खोटं लिहिणं नाही तर काय आहे?

दुसरा नमुना "पावसाळ्यातील एक दिवस." आपला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. जूनमध्ये ढग येतात, भरून दाखवतात आणि पुढे जातात. काही वर्षी टँकर पोळ्यापर्यंत चालतो. आणि आपल्या मुलांच्या वहीत काय? धो धो पाऊस, दुथडी भरून वाहणारी नदी, हिरवेगार डोंगर, कागदाच्या होड्या. हा कोकणातला पाऊस गाईडमधून घाट चढून सुप्याला येतो आणि प्रत्यक्षात कधी येत नाही. टँकर आला की हंडे घेऊन पळायचं, रांगेत भांडण, आजीचं "जपून सांड" म्हणणं, यावर लिहिलेला एक तरी निबंध तुम्ही वाचला आहे का?

मी बी.कॉम. आहे, १९८० च्या आसपासची. माझं माहेर किराण्याच्या आडतीचं. वडील रोज रात्री दुकान वाढवलं की लाल बासनातला रोजमेळ काढून बसत. हिशेब पक्का व्हायचा तो त्या वहीने. त्यात त्या दिवशी घडलं तेवढंच लिहायचं असतं. आज कोणाला माल गेला, किती रोख आली, किती उधार राहिली. कालचं पान बघून आजचं पान लिहिलं तर अक्षर कितीही मोत्यासारखं असो, दुकान बुडणार. पावतीशिवाय नोंद करणाऱ्या मुनिमाला वडिलांनी दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं. आपल्या शाळांतल्या निबंधाच्या वह्या म्हणजे पावतीशिवायच्या नोंदी. बेरीज जुळते, कारण उत्तर आधीच ठरलेलं आहे.

हे फक्त सुप्याचं दुखणं नाही. २०१३ पासून तीन वर्षं शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. वाडा तालुका (तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला) आणि कर्नाटकातलं यादगीर, अशा दोन ठिकाणी. वाड्यात मराठी, यादगीरला कन्नड. पहिलीत आलेल्या मुलांच्या मागे ते तिसरीपर्यंत राहिले. वाड्यात निलेश निमकरांची क्वेस्ट ही संस्था सोबतीला होती. त्यांना जे दिसलं ते आपल्या ओट्यावर बसूनही दिसतं. वर्णमाला, बाराखडी, जोडाक्षरं यांचा घाणा, आणि लेखन म्हणजे बहुतेक उतरवून काढणं. स्वतःच्या मनातलं काही मांडायची वेळ मुलांवर फारशी आणलीच जात नव्हती.

आणि मोजणारेही हे मोजत नाहीत. आपण पेपरात वाचतो की पाचवीच्या इतक्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. ती "असर"ची पाहणी. तिचा भर वाचन आणि गणितावर. २०२१ मध्ये केंद्राने निपुण भारत आणलं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं लक्ष्य ठेवलं आहे. वाचन हवंच. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण जे मोजलं जातं त्याच्यामागे अधिकारी लागतात, अधिकाऱ्यांमागे मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांमागे शिक्षक. मुलाने स्वतःचं एक पान लिहिलं का, हे विचारायला कोणी येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा तर पूर्ण पर्यायांची. आपली हुशार मुलं वर्षभर गोल काळे करायचा सराव करतात. सराव वर्गाची फी भरताना आपल्याला वाटतं मुलगा पुढे चालला.

कोऱ्या पानांची गंमत आठवते का? गंमत नव्हे, मला तर ती फार बोचली. २०२३-२४ पासून सरकारने दुसरीपासून आठवीपर्यंतची पुस्तकं चार भागांत केली आणि धड्यांच्या शेवटी वहीची कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी व्हावं, ज्यांना वह्या परवडत नाहीत त्यांची सोय व्हावी, आणि मुलांनी वर्गातच आपल्या नोंदी कराव्यात. पानावर शीर्षकही "माझी नोंद". किती छान शब्द! पण पुढे झालं काय? मुलं वह्या वेगळ्या नेतच राहिली. ओट्यावर येणाऱ्या मुलांची पुस्तकं मी स्वतः चाळली आहेत. कोणाच्या "माझी नोंद"वर फळ्यावरचे शब्दार्थ, कोणाच्या पानावर क्रिकेटचा स्कोअर, बहुतेकांची पानं कोरीच. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हा प्रयोग गुंडाळला. चर्चा झाली ती कागद वाया गेल्याची आणि ओझ्याची. मला वेगळंच वाटतं. माझी नोंद म्हणजे काय, हे ज्या मुलांना कोणी कधी विचारलंच नव्हतं, त्यांच्यापुढे नुसतं पान ठेवून ती काय लिहिणार होती? पान छापता येतं, त्यावर लिहायचं धाडस काही छापून देता येत नाही. आणि आज एक बाई ते धाडस रोज पंधरा मिनिटं देतेय, तर आपण तिच्याविरुद्ध सह्या गोळा करतो.

आता तुमच्या तक्रारींकडे येते. अक्षराची तक्रार मी धरतच नाही. वेगाने विचार करणाऱ्या मुलाचं अक्षर पळतं. त्याला सुवाच्य काढायला लावणं हे वेगळं काम आहे, ते वेगळ्या वेळी करा. शुद्धलेखनाची तक्रार मात्र मोठी आहे, ती मी टाळणार नाही.

मराठी लेखनाचे नियम १९६२ मध्ये चौदा झाले, १९७२ मध्ये चार वाढले, एकूण अठरा. त्यांतले किती तुम्हाला येतात? मला सगळे येत नाहीत. इकार-उकारासाठी मी अजून कोश उघडते. तरी मी हे लेख लिहिते आणि तुम्ही ते वाचता. नियम नको असं मी म्हणत नाही. आधी वाक्य जन्माला येऊ द्या, मग त्याला आंघोळ घाला. तान्ह्या बाळाला बाहेर येता येताच कोणी पावडर लावतं का? मुलाने धाडस करून आठ ओळी लिहिल्या आणि त्यांवर बावीस लाल खुणा पडल्या, तर दुसऱ्या दिवशी ते तीनच ओळी लिहितं, आणि त्या तीन ओळींत फक्त स्वतःला येणारे शब्द वापरतं. "भीती"ची वेलांटी येत नाही म्हणून ते भीतीबद्दल लिहायचंच सोडतं. नवीन बाई काय करतात ते मी विचारून घेतलं. आठवड्यात एकच गोष्ट धरतात. या आठवड्यात अनुस्वार, तर सगळ्यांनी आपापल्या वहीतले अनुस्वार स्वतः शोधायचे. पुढच्या आठवड्यात पूर्णविराम. ते लाल पेनापेक्षा जास्त टिकतं, कारण वाक्य मुलाचं स्वतःचं असतं आणि ते त्याला नीट दिसावंसं वाटतं.

राहिलं "व्हतं". त्या फोटोखाली जे तीन चेहरे रडत होते, त्यांना मला एवढंच विचारायचंय की ते मूल घरी काय बोलतं? तुम्हीच बोलता ना "व्हतं"? आमच्या घरात मारवाडी बोलतात, शाळेत मराठी. कंपन्यांमुळे आता सुप्यात हिंदी आणि भोजपुरी बोलणाऱ्यांची पोरंही वर्गात आहेत. पहिल्या दिवसापासून "हे अशुद्ध" म्हटलं की ती पोरं गप्प बसतात आणि गप्प पोरांकडून कसलं लेखन निघणार? मॅक्सीन बर्नसन नावाच्या मूळ अमेरिकेतल्या बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलीवर पीएचडी केली. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि बरीच वर्षं फलटणलाच राहिल्या. तिथे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, तिच्या कमला निंबकर बालभवनात साध्या घरातली मुलं मराठीतून शिकतात. आपल्याकडच्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसं शिकवावं यावर त्या बाईंनी आयुष्य घातलं. ज्यांनी घरच्या बोलीचा एवढा मान ठेवला त्यांना प्रमाण मराठी शिकवता आली नाही असं झालं नाही. "होतं" येईल. बाई वर्गात "होतं"च म्हणतात, पुस्तकात "होतं"च आहे, तो शब्द कुठे जात नाही. मुलाची हिंमत मात्र एकदा गेली की शोधत बसावी लागते.

"लहान मुलांना कसला आलाय अनुभव, ती काय लिहिणार?" हेही एकीने ऐकवलं. तिला मी आपल्या नगरचीच गोष्ट सांगितली. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते नगरला, मिस फॅरार यांच्याकडे. पुढे फुले दाम्पत्याच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची एक मुलगी शिकत होती. मांग समाजातली, चौदा-एक वर्षांची, शाळेत येऊन तिला तीनच वर्षं झालेली. म्हणजे शिक्षण मोजलं तर तिसरी. तिने "मांग महारांच्या दुःखाविषयी" निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये फेब्रुवारी-मार्चच्या "ज्ञानोदय"मध्ये दोन अंकांत छापून आला. हे ज्ञानोदयही १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेलं.

त्या मुलीला कोणी "माझा आवडता प्राणी" दिला असता तर? तिने तिला ठाऊक होतं ते लिहिलं. बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचं पेशवाईत काय केलं जाई. आणि आम्हाला धर्मग्रंथ वाचायची मनाई आहे तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने सरळ देवाला घातला. त्या वेळच्या पंडितांपैकी कोणाला हे लिहिता आलं असतं? त्यांना व्याकरण येत होतं, पण ते छप्पर नसलेलं घर त्यांनी आतून पाहिलं नव्हतं. आज पावणेदोनशे वर्षांनीही तो निबंध अभ्यासक्रमांत लावतात. मग आपल्या तिसरीतल्या मुलांना काही अनुभव नाही, हे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाऊन आलेलं मूल त्या वर्गात आहे. वडिलांची कंपनी बंद पडली म्हणून गावाला परत जायचं की नाही, ही चर्चा रात्री गोधडीत ऐकणारं मूलही आहे.

कदाचित आपल्याला भीती तीच वाटते. मुलं खरं लिहायला लागली तर घरातलं बाहेर येईल. एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलंच, "काकू, त्यानं आमचं भांडण लिहिलं वहीत." तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि ही तक्रार मी उडवून लावणार नाही. बाईंनी ते पान वर्गात वाचून दाखवलं नाही, कोणाला दाखवलंही नाही, खाली फक्त "तुला तेव्हा कोणाजवळ जावंसं वाटलं?" एवढं विचारलं. दाखवायचं की नाही हे मुलाने ठरवायचं, हा नियम वर्गात पक्का हवा, आणि तो बाईंनी पालकांना आधीच सांगायला हवा होता. एवढी सूचना मी अर्जावर सही न करता त्यांना तोंडी केली.

शिक्षकांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ओट्यावर बसून बोलणं सोपं. वाडी-वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, रोजचे फोटो आणि माहिती भरणं. चाळीस वह्या रोज वाचायच्या कधी? खरं आहे. पण रोज सगळ्या वाचायची गरज नाही. रोज आठ वाचल्या तर आठवड्यात सगळ्यांचा नंबर लागतो. आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून ती चाळीस जणांनी उतरवून घेण्यात जो तास जातो, त्याचा हिशेब कधी कोणी केलाय का? तो केला तर पंधरा मिनिटं सहज निघतात.

आपल्यातल्या काहींनी धर्माचा आधार घेतला, म्हणून तेवढ्यापुरतं बोलते. "आपल्या पाठशाळेत पाठांतरच तर करून घेतात, मग निबंध पाठ केला तर काय बिघडलं?" बिघडलं. प्रतिक्रमणाची सूत्रं पाठ करायचीच असतात, कानामात्रा न बदलता. ती आपली नाहीत, आपल्याला सांभाळायला दिलेली आहेत. निबंध म्हणजे काही सूत्र नव्हे. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित, ही गोष्ट आपण पोरींना सांगतो. (मी बी.कॉम. असल्याने सुंदरीच्या पक्षातली.) भगवतीसूत्रात आरंभीच ब्राह्मी लिपीला वंदन आहे. ज्या लिपीला आपण हात जोडतो ती नुसती उतरवून काढायला वापरायची? आणि ज्ञानपंचमीला वही-पेन पुजून दुसऱ्या दिवशी गाईड आणायला नगरला जायचं!

गाईडची आता तशीही गरज उरलेली नाही. मोबाईलला सांगितलं की तो "माझी आई" निबंध डोळ्याची पापणी लवायच्या आत लिहून देतो, शुद्ध, वेलांट्यांसकट. पाठ करून ओतायच्या निबंधाची किंमत त्यामुळे शून्यावर आली, हे व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायकांना तरी मी समजावून सांगायला नको. तुमची आई चिडली की आधी कोणतं भांडं आपटते, हे त्या मोबाईलला ठाऊक नाही. मुलाला ठाऊक आहे.

घरी काय करायचं असं विचाराल, तर फार काही नाही. तिसरीच्या आतल्या मुलाला चित्र काढू द्या आणि ते काय सांगतं ते तुम्ही त्याच्याच शब्दांत खाली लिहा, "व्हतं" असेल तर "व्हतं". मग त्याला वाचायला द्या. वाण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. पाहुण्याला बसस्टँडवरून घरापर्यंत कसं यायचं ते लिहायला लावा, आणि लिहिलंय तसंच चालून बघा. माझ्या नातवाच्या लिखाणाप्रमाणे मी चालले तर थेट गिरणीत पोचले. तो इतका हसला, आणि मग स्वतःच कागद घेऊन "डावीकडे" घातलं. मी एक अक्षर बोलले नाही. मोठ्या मुलांसाठी पुस्तकच हवं असेल तर माधुरी पुरंदऱ्यांचं "लिहावे नेमके" आणा. पैसे वाया जाणार नाहीत.

आणि संवत्सरीला एक करा. पूर्वी आपल्यात विज्ञप्तिपत्रं लिहीत. संघाने दूरच्या आचार्यांना क्षमापना करायची आणि आपल्या गावी चातुर्मासाला या म्हणून बोलवायचं, त्यासाठी हातभर नव्हे तर कित्येक हात लांब गुंडाळी. तिच्यावर आपल्या गावचा बाजार, दुकानं, मंदिरं, रस्त्यावरची माणसं काढलेली. म्हणजे गाव तुमचं आहे हे पत्रात दिसायला पाहिजे. आणि आपण? एक कमळाचं चित्र, खाली मिच्छामि दुक्कडम्, दोनशे जणांना एकदम पुढे पाठवलं. कोणाची कशाबद्दल माफी मागितली, पाठवणाऱ्यालाही माहीत नाही.

या वर्षी प्रत्येक मुलाला एक पोस्टकार्ड द्या. अजून पन्नास पैशांनाच मिळतं. एकाच माणसाला लिहायचं, मामाला, आत्याला, भांडण झालेल्या मित्राला, आणि नेमकं काय केलं त्याची माफी मागायची. तुम्ही वाचायचं नाही, सुधारायचं नाही, पत्ता तेवढा तपासायचा. आणि ज्याला पत्र जाणार आहे त्याला आधी फोन करून ठेवा की उत्तर हातानेच लिही आणि आठवड्यात टाक. उत्तर आलं नाही तर मूल दुसरं पत्र लिहीत नाही.